खुर्चीवरच्या माणसाची पावती

मंत्री, खासदार किंवा सनदी अधिकाऱ्याने एखाद्या पक्षाला वा राजकारणात उतरलेल्या संघटनेला पैसे दिले, तर ते जनतेला कळावेत, अशी मागणी अधूनमधून होते. लगेच उत्तर मिळते: हे सगळे आधीच उघड असते. ते तसे नाही.

गैरसमज: निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात सारे काही लिहावे लागते, देणग्याही त्यात आल्याच.

असे वाटणे स्वाभाविक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालानंतर उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना 26, इतके तपशीलवार झाले आहे की सोन्याचे वजन, गाडीचे वर्ष आणि पत्नीच्या नावावरची शेतजमीन वर्तमानपत्रांत छापून येते. पण पैशांबाबत हा नमुना मुख्यतः आपल्याजवळ काय आहे, उत्पन्न किती आहे आणि कर्ज किती आहे, हेच विचारतो. कोणाला काय दिले, हे विचारत नाही. दिलेली रक्कम मालमत्तेतून वजा होते आणि कागदावरूनही नाहीशी होते. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. तिच्यात पाच सदरे आहेत: मानधनाचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर ताबा देणारे भाग, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. पाचही सदरे पैसा कुठून येतो ते सांगणारी. तो कुठे जातो, यासाठी एकही नाही.

गैरसमज: दोन हजारांच्या वरची प्रत्येक देणगी नावानिशी जाहीर होते.

येथे दोन आकड्यांची गल्लत होते. 2017 च्या वित्त कायद्याने घातलेली 2,000 रुपयांची मर्यादा रोखीपुरती आहे. ती ओलांडणाऱ्या पक्षाची करसवलत धोक्यात येते. नाव कळवण्याची मर्यादा वेगळी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29C नुसार एका आर्थिक वर्षात 20,000 रुपयांहून अधिक देणाऱ्याचेच नाव पक्षाला निवडणूक आयोगाला द्यावे लागते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मार्च 2024 मध्ये भाजपला 2,000 रुपये दिले आणि पावती स्वतःच समाजमाध्यमांवर टाकली. मल्लिकार्जुन खर्गे यांनी डिसेंबर 2023 मध्ये काँग्रेसच्या मोहिमेत 1 लाख 38 हजार दिले आणि तेही जाहीरपणे. यातली दुसरी रक्कम यादीत येण्याजोगी. पहिली मात्र त्यांनी सांगितली नसती, तर कायद्याने कोणी विचारली नसती. शिवाय पक्षाच्या यादीत नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम असते, देणाऱ्याचे पद नसते. चार जिल्ह्यांत आढळणारे नाव असेल, तर तो आमदार की कापडाचा व्यापारी, हे वाचणाऱ्याने शोधत बसायचे.

गैरसमज: सरकारी नोकराला अशी देणगी देण्याची बंदीच आहे, मग उघड काय करायचे?

बंदी खरी आहे. 1964 च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतला नियम 5 राजकीय चळवळीला वर्गणी देण्यास मनाई करतो. पण कोणती संघटना ‘राजकारणात भाग घेणारी’ आहे, यावर शंका निघाली, तर सरकारचाच निर्णय अंतिम असतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नाव 1966 च्या परिपत्रकाने अशा संघटनांत घातले गेले आणि 9 जुलै 2024 च्या आदेशाने काढले गेले. दोन्ही निर्णयांबद्दल कोणाचे काहीही मत असो, मधल्या काळात नियमाचे शब्द बदलले नव्हते. जिथे रेघ सत्तेवरचे सरकार ओढते, तिथे ‘बंदी आहे’ हे उत्तर पुरत नाही. आणि मंत्री, खासदार, आमदार यांना हे नियम लागूच होत नाहीत.

गैरसमज: पक्षांचे हिशेब आयोगाकडे जातात, तेवढे पुरे.

कलम 29C फक्त पक्षांना बांधते. प्रचार करणारा पण पक्ष नसलेला न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी यांच्यावर देशी देणगीदारांची नावे जाहीर करण्याचे तसे बंधन नाही.

गैरसमज: देणगी म्हणजे मतच, मतासारखी ती गुप्त राहिली पाहिजे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप हाच, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. यादी हाती आली की सूड घेतला जातो, ही भीती अनुभवातून आलेली आहे. अमेरिकेत अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेकडे सदस्यांची नावे मागितली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये ती मागणी फेटाळली. पण तिथे सत्ता दुबळ्यांची यादी मागत होती. इथे नागरिक सत्ताधाऱ्याची पावती मागतो आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे रद्द करताना राजकीय कल खासगी ठेवण्याचा हक्क देणग्यांनाही लागू होतो, हे मान्यच केले. मात्र धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी दिलेल्या पैशाला ते कवच नाही, असे बजावले. लहान देणगीदारासाठी 20,000 ची मर्यादा आहेच. कारकुनाची 500 रुपयांची वर्गणी तिच्याआड सुरक्षित राहते. ज्या संघटनेच्या अर्जावर मंत्र्याची सही होणार, तिलाच त्याने पाच लाख दिले असतील, तर ते मत उरत नाही, हितसंबंध होतो.

गैरसमज: यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागेल.

संघटनांना बांधायचे, तर कदाचित लागेल. उमेदवारांपुरते नाही. नमुना 26 हा 1961 च्या निवडणूक आचरण नियमांचा भाग आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये त्यात पाच वर्षांच्या उत्पन्नाचा आणि परदेशातील मालमत्तेचा तपशील घातला गेला, तो केंद्राच्या अधिसूचनेने.