भाग ३२ : पिकदाणी, कॅमेरा आणि लवंगेची बाटली

या भागात आवाज माझा एकटीचा आहे. नवरा शेजारीच बसलाय, पण त्याने आधीच सांगून टाकलंय, "हा विषय तू घे, मी बोललो तर रडगाणं होईल." तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. वर्षातले पाच-सहा महिने गाडीतून फिरायचं, एकीने फोटो काढायचे, दुसऱ्याने वाइन चाखायची, हे नेमकं चालतं कसं? की नुसती चैन? ते कसं चालतं ते आज सांगते. आणि २०२१ मध्ये ते जवळजवळ बंद कसं पडलं, तेही.

आधी कामाचं. मी बागांचे, बाटल्यांचे, खाण्याच्या ताटांचे फोटो काढते. तो हॉटेलांसाठी वाइनच्या याद्या करतो आणि तिथल्या वाढणाऱ्या मुलांना शिकवतो. जानेवारी ते मार्च आम्ही नाशिक, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात असतो, कारण तेव्हा काढणी असते. मध्ये एखादा पंधरवडा अकलूज, आणि जमलं तर खाली बंगळुरूजवळ नंदी हिल्सपर्यंत. युरोपात वेल वर्षातून एकदा छाटतात आणि थंडीत तो झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक मात्र एकच घ्यायचं, आणि तेही कोरड्या, थंड दिवसांत. म्हणजे फ्रान्सात सप्टेंबरात जी धांदल असते, ती आपल्याकडे संक्रांतीच्या आसपास सुरू होते. फोटोवाल्यांना हे फार सोयीचं. हवा स्वच्छ, सूर्य तिरका, आणि निफाडला पहाटे बोटं इतकी गारठतात की शटर दाबलं की नाही ते कळत नाही.

गंमत अशी की आम्हा दोघांनाही दिवसातले तेच तास हवे असतात. पांढऱ्या वाइनची द्राक्षं उजाडता उजाडता तोडतात. फळ थंड असलं की त्याचा वास टिकतो, रस लवकर काळवंडत नाही. आणि नेमका तेव्हाच ऊन पानांच्या मागून येतं, पान दिव्यासारखं पेटतं. मला तेव्हा बागेत असायचं असतं. त्याला त्यानंतर लगेच, दहा-अकराच्या सुमाराला, टाक्यांपाशी. जेवणाआधी जीभ ताजी असते. दुपारच्या जेवणानंतर चाखलेल्या वाइनबद्दल तो वहीत काही लिहीतच नाही. त्यामुळे आमचं ठरलेलं : साडेनऊपर्यंतचा वेळ माझा, साडेनऊ ते साडेबारा त्याचा. दुपारी खळ्यावर नाहीतर कुठल्यातरी ढाब्यावर झोप. संध्याकाळचा प्रकाश पुन्हा माझा. भांडणं होतात ती साडेनऊला.

दुसरा नियम गाडीचा. चाखणारा थुंकतो, हे लोकांना माहीत नसतं. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई, पैसे देऊन आणायची आणि पिकदाणीत टाकायची?" पण पंधरा वाइन गिळल्या तर सोळावीबद्दल तुम्ही काय सांगणार? आणि थुंकलं तरी थोडी पोटात जातेच. म्हणून ज्या दिवशी तो चाखतो त्या दिवशी चाक माझ्या हातात, आणि मी एक थेंबही घेत नाही. दोघांनाही चाखायचं असेल तर मुक्काम तिथेच. यात "एवढ्याने काय होतंय" नाही.

आता फोटोचं थोडं, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. लाल वाइनचा ग्लास समोरून प्रकाश टाकून काढलात तर फोटोत शाई दिसते. प्रकाश मागून हवा. बाटली असेल तर तिच्याच आकाराचा रुपेरी कागद कापून मागे लपवायचा, की काच आतून उजळते. ग्लासाची कड दिसत नसेल तर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करा, कडेवर बारीक काळी रेघ उमटते. ग्लास हाताने धरू नका, ठसा काढता काढता सकाळ जाते. आणि पानांवर निळसर ठिपके दिसले तर ते पुसायला जाऊ नका, ती फवारणी असते. मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बोर्डो भागात हे औषध निघालं, म्हणून ते नाव. आमच्याकडे दिंडोरीत तुम्ही "बोर्डो आहे का?" असं विचारलंत, तर शेतकरी तुम्हाला वाइन नाही, निळा पिंप दाखवेल.

रंग बघायला चाखणारेही तेच करतात जे मी करते. ग्लास तिरपा, खाली पांढरा कागद, खिडकीचा उजेड. कड जांभळी असेल तर वाइन तरुण, विटकरी झाली तर वय झालेलं. पण इथेच एक खोडी आहे. २००१ साली बोर्डोच्याच विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन वर्णन लिहायला सांगितलं. नंतरच्या बैठकीत पुन्हा दोन ग्लास. त्यातल्या दुसऱ्यात तीच पांढरी वाइन होती, फक्त वास नसलेला लाल रंग घातलेली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाकाने सांगितलं ते त्यांनी ऐकलंच नाही, डोळ्याने जे ठरवलं तेच लिहिलं. नवरा हा किस्सा प्रत्येक वर्गात सांगायचा. मुलं हसायची.

मग २०२१ चा एप्रिल. आम्ही नाशिकला घरी. दोघांनाही कोविड झाला, मला दोन दिवस ताप, त्याला पाच. बरा झाल्यावर एका सकाळी तो गॅसपाशी उभा होता, पातेल्यातलं दूध तळाला करपून धूर निघत होता, आणि तो मोबाइल बघत होता. मी आतून ओरडत आले. त्याने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला काहीच आलं नाही गं," एवढंच म्हणाला.

इथे जरा समजावते, कारण "तोंडाची चव गेली" असं आपण सरसकट म्हणतो. चिमूटभर बडीशेप घ्या, नाक घट्ट दाबून चावा. थोडं गोड लागेल, बस. आता नाक सोडा. बडीशेप आत्ता आली! घशाच्या मागून हवा नाकात चढते तेव्हा आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग येतो. जिभेला स्वतःला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रुचकर अशी एक पाचवी चव. वाइनचा तुरटपणा तर चवही नाही, तो स्पर्श आहे, तोंड आतून कोरडं ओढलं जातं तो. (आपल्या सहा रसांत तुरट आहे हे मला माहीत आहे, वैद्य मंडळींनी पत्र लिहू नये.) म्हणजे नवऱ्याकडे आंबटपणा, गोडवा, तुरटपणा आणि दारूचा चटका एवढं शिल्लक होतं. वाइनचा सांगाडा. अंगावरचं मांस सगळं गेलेलं.

पहिले काही महिने आम्ही कोणाला सांगितलं नाही. कामं आधीच थांबलेली, त्यात हे कळलं तर उरलेलीही जातील अशी भीती. पुढच्या हंगामात एका बागेत त्याच्या हातात शेनिन ब्लाँचा ग्लास दिला गेला. त्याने तो उजेडात धरला, नाकाशी नेला, घोट घेतला, थुंकला आणि म्हणाला, "पेरू, थोडं मध, शेवटी लिंबाची साल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कॅमेऱ्यातून बघत होते. त्याचं नाक बंद होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. फिकट सोनेरी रंग, जिभेवरचा आंबटपणा आणि बारा-तेरा वर्षांची सवय, यावर त्याने ते उत्तर बांधलं होतं. आणि ते चुकलंही नव्हतं.

गाडीत बसल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "त्या ५४ जणांना मी उगाच हसत होतो." आठवडाभरात त्याने सगळ्या हॉटेलांना फोन करून खरं सांगितलं. दोन कामं गेली. बाकीच्यांनी ठेवलं, पण याद्या करायला नाही, फक्त शिकवायला.

तेव्हापासून चाखायला मी लागले. मला ते इंग्रजी वर्णनाचे शब्द येत नव्हते, गूझबेरी मी आयुष्यात हुंगलेली नाही. मला जे यायचं ते मी बोलायचे, तो लिहून घ्यायचा आणि कारण सांगायचा. सॉव्हिन्यॉन ब्लाँला मी म्हटलं, "ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा." तो म्हणाला, बरोबर, दोन्हींत पायराझीन गटातली तीच संयुगं असतात. बुचाच्या एका बाटलीला मी म्हटलं, "ओलं गोणपाट." तो खूश झाला. बुचातल्या दोषाने वाइन खराब होते तिचा तो ठरलेला वास, आणि आमच्या मराठीत त्याला इतका नेमका शब्द आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. शिराझला मी म्हटलं, "काळी मिरी, भरडलेली." त्याचंही कारण निघालं. मिरीत आणि शिराझमध्ये रोटंडोन नावाचं एकच द्रव्य असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये दाखवून दिलं.

त्याच्या नाकाचंही चालू होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये सुचवलेला सराव आहे : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ चारही वास एकेक करून, मन लावून हुंगायचे, निदान बारा आठवडे. औषध नाही, व्यायाम आहे, आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही. असा त्रास झाला तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात चार छोट्या बाटल्या आल्या. मी पहाटे तिपाई लावायचे तेव्हा तो बॉनेटला टेकून बाटल्या उघडायचा. निलगिरी पहिल्या दिवसापासून "येते" म्हणायचा, पण तो वास नव्हता, नाकात लागणारा गारवा होता, त्याची नस वेगळी. खरी पहिली आली ती लवंग, पाचव्या महिन्यात. त्यानंतर वाईट काळ आला. वास यायला लागले, पण वेडेवाकडे. कॉफी जळक्या रबरासारखी. कांदा परततानाचा वास असह्य. असं होतं बऱ्याच जणांना. आम्ही तेव्हा खिचडी आणि दहीभातावर राहिलो.

आता त्याला बरंच येतं. पेरू येतो, लिंबू येतं, गोणपाट तर माझ्या आधी येतं. पण मिरी येत नाही. गेल्या फेब्रुवारीत दिंडोरीजवळ एका शिराझवर आम्ही अडलो. मला ग्लासातून मिरीशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि त्याला जांभळाशिवाय. तो फार हिरमुसला. तिथल्या वाइन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, रोटंडोन सगळ्यांना येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्याच संशोधनात पाचातल्या एकाला ते कितीही वाढवलं तरी आलं नव्हतं."

मी त्याला विचारलं, "आधी यायची का तुला?"

"म्हणजे काय, यायचीच."

घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या. त्याच्या वह्यांत उजवीकडचं पान त्याचं, डावीकडचं माझं, मी तिथे फोटोंचे नंबर आणि कधी सुचलं तर काहीबाही लिहिते. २०१३ पासूनच्या सगळ्या शिराझ बघितल्या. त्याच्या पानांवर जांभूळ आहे, तंबाखू आहे, चामडं आहे, ओली माती आहे. मिरी सहा ठिकाणी आहे, सहाही ठिकाणी डावीकडच्या पानावर, माझ्या अक्षरात.