ट्रॅक्टरचे लायनर : आधी बसवा, मग कापा



जायकवाडीच्या पाण्यावर पैठण भागात ऊस वाढला, तसे ट्रॅक्टरही वाढले. हंगामभर ट्रॉल्या ओढून दमलेले जुने इंजिन पावसाळ्यात खोलले जाते. शिवारात फिरताना या खर्चाचा विषय निघतोच, म्हणून बेणे-खत बाजूला ठेवून आम्ही आज लायनरविषयी लिहीत आहोत.

ओल्या लायनरला बाहेरून पाणी लागते. जुन्या एचएमटी-झेटर २५११ चे तसेच आहे. ते तयार मापाचे मिळते. ब्लॉकमधली बैठक खरवडून साफ करा अन् रबरी रिंगा नव्या घाला, नाहीतर पाणी चेंबरात उतरते.

खरा घोळ कोरड्या लायनरचा. ते पातळ असते, ब्लॉकमध्ये दाबून बसवतात. काही मिस्त्री कच्चे लायनर लेथवर आतून मापात आणतात अन् मग ठोकतात. ठोकताना ते आवळते, माप जाते, पिस्टन धरतो. म्हणून आधी प्रेसने बसवावे, मग ब्लॉकसकट बोअर करावे, शेवटचा एक-दोन हजारांश इंच होनिंगला ठेवावा. तीन सिलिंडरच्या जुन्या पर्किन्सचे (३.१५२) मूळ बोअर ९१.४४ मि.मी.; तरी नवा पिस्टन मोजल्याशिवाय कापू देऊ नका.

आरशासारखे चकचकीत लायनर पाहून खूष होऊ नये. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांतच तेल टिकते. नंतर गरम साबणपाण्याने, ब्रशने धुवा; पांढरे फडके स्वच्छ निघाले पाहिजे. नुसत्या डिझेलने दगडाची पूड जात नाही, अन् तीच नव्या रिंगा खाते. पुसल्याबरोबर तेल लावा, पावसाळी हवेत गंज लगेच चढतो.