लाल टोपण, नारिंगी टोपण

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही दोघी-तिघी रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. मागच्या वर्षावासात देवळ्याजवळच्या एका खेड्यातून एक आजोबा कापडी पिशवी घेऊन आले. म्हणाले, "जयभीम ताई. सुई रोज लेस, तरी साखर उतरत नही. काबर?" पथ्य विचारले, तेही ठीक होते. मग त्यांनी पिशवीतून इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज काढली, तेव्हा घोळ समजला. बाटलीवर ४० लिहिलेले होते आणि सिरिंजचे टोपण नारिंगी होते.

हे नीट समजून घ्या, कारण ही चूक आम्हाला वारंवार दिसते. आपल्याकडे बाटलीत मिळणारे इन्सुलिन बहुतेक वेळा ४० चे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० चे इन्सुलिन अडीचपट दाट, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंजा दिसायला सारख्याच, पण रेघांचा अर्थ वेगळा. ४० चे औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट झाले, म्हणजे १०० चे औषध लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट जातात. मग दरदरून घाम, थरथर, शुद्ध हरपणे, आणि वेळेत साखर पोटात गेली नाही तर जिवावर बेतते. पेनमधले औषधही साधारणपणे १०० चे असते. पेन बिघडला म्हणून त्याच्या नळीतून लाल सिरिंजने औषध ओढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसे कधीही करू नका.

आजोबांच्या बाबतीत आणखी एक पेच होता. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवत ३० वर नेला होता. प्रत्यक्षात जात होते १२ युनिट. त्या दिवशी आम्ही नुसती लाल सिरिंज हातात देऊन पाठवले असते, तर दुसऱ्या सकाळी अंगात खरेच ३० युनिट गेले असते! म्हणून चुकीची सिरिंज सापडली तर ती बदलण्याआधी डॉक्टरांना दोन्ही वस्तू दाखवा आणि डोस पुन्हा ठरवून घ्या. आजोबांचा डोस तसाच नव्याने ठरला. आम्ही दुकानदाराला विचारले, तर म्हणाला, "लाल संपली होती, सिरिंज सिरिंजच असते ना." नसते.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि इन्सुलिन घ्यावे लागत होते. त्या काळी काचेची सिरिंज आणि पोलादी सुई उकळून पुन्हापुन्हा वापरत. माईसाहेब स्वतः डॉक्टर, घरात जाणकार माणूस होते. आपल्या वस्तीतल्या घरात असे कोणी नसते, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचणे घरातल्या शाळकरी नातीलाही शिकवून ठेवा.

आता सुईबद्दल. पाकिटावर दोन आकडे असतात. एक जाडीचा: तो जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे ३१ ची सुई ३० पेक्षा नाजूक. दुसरा लांबीचा, मिलिमीटरमध्ये. लांब सुईने औषध जास्त लागू पडते, हा गैरसमज आहे. औषध कातडीखालच्या चरबीत जायला हवे, स्नायूत नाही. कांदा लावणीला जाणाऱ्या आपल्या बायांच्या अंगावर मांस ते किती! तिथे ८ मिमीची सुई सरळ खुपसली तर ती स्नायूत जाते, औषध भरभर भिनते आणि रानात चक्कर येते. सिरिंज घेताना ६ मिमीची मागा, कातडी चिमटीत धरून टोचा. ८ चीच मिळाली तर चिमटीबरोबर सुई तिरपी धरा. पेनला ४ मिमीची सुई पुरते, माणूस जाड असला तरी. पेनचे बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर काढा.

बेंबीपासून दोन बोटे जागा सोडा आणि रोज जागा बदला. एकाच जागी टोचत राहिले की तिथे गाठ धरते. ती दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते, पण गाठीतून औषध नीट भिनत नाही. सुई एकदाच वापरायची असते. पैशांअभावी लोक तीच पुन्हा वापरतात, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यावरून आम्ही कोणाला रागावत नाही. पण नवरा-बायको दोघांनाही साखर आहे म्हणून एकच सुई किंवा एकच पेन, हे मात्र कदापि नको. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याचा वापरायचा नाही.

वापरलेली सुई कुठे टाकता, हा प्रश्न विचारला की सगळे गप्प होतात. कोणी उकिरड्यावर, कोणी घंटागाडीत. ती गाडी कोण ओढते, ओला-सुका कचरा उघड्या हाताने कोण वेगळा करते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बहुतेक ठिकाणी आपलीच माणसे. सुई टोचली तर त्यांना कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीची धास्ती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा घातक कचऱ्यात धरल्या, तो वेगळा द्यायचा असतो. त्यासाठी फिरकीच्या झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा पुरे. फरशी पुसायच्या औषधाची रिकामी बाटलीही चालते. टोचून झाले की टोपण परत न लावता सुई सरळ आत टाका, वर 'सुया' असे लिहा आणि डबा पोरांच्या हाताला लागू देऊ नका. पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून जमा करा. घेतला नाही तर आम्हाला सांगा, आम्ही सोबत येतो.

रविवारी विहारात तपासणीला येताना डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर घरातली बाटली आणि सिरिंजही आणा.