जवसाचं कापड, कापसाचा पीळ

आमच्या हिंगोलीकडं जवस म्हटलं की चटणी आठवते. रब्बीत हरभऱ्याच्या नाहीतर करडईच्या कडेनं निळ्या फुलांचे तास उभे राहतात. बी घरात आलं की मागं उरलेल्या काड्यांकडं कुणी ढुंकूनही पाहत नाही. प्राचीन इजिप्तचा जीव मात्र त्या काड्यांतच होता. तिथं जवस विळ्यानं कापत नसत, मुळासकट उपटत. थडग्यांच्या भिंतींवर रंगवलेली ती उपटणी करणारी माणसं अजून तशीच वाकलेली आहेत. मग पेंढ्या पाण्यात कुजवायच्या, कुटायच्या आणि धागा सुटा करायचा. अंबाडी पाण्यात भिजत घालून वाख काढताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

राजाचं धोतर त्याच धाग्याचं, गलबताचं शीड त्याच धाग्याचं आणि ममीला गुंडाळायच्या पट्ट्याही त्याच धाग्याच्या. तशी एक ममी आमच्या जुन्या राजधानीत आहे. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा, त्यामुळे मागच्या पिढ्यांची राजधानी हैदराबाद. सहाव्या निजामाचे जावई नझीर नवाज जंग यांनी ती विकत आणली, सातव्या निजामाला भेट दिली आणि तिथून ती पब्लिक गार्डनमधल्या वस्तुसंग्रहालयात गेली. टॉलेमी राजांच्या काळातली ही मुलगी नाइशू या नावानं ओळखली जाते. मी शाळकरी वयात वडिलांबरोबर ती पाहायला गेलो होतो. तिच्या चेहऱ्यापेक्षा माझ्या लक्षात राहिलं ते कापड. ते आमच्या घरच्या जुन्या सुती पंच्यासारखंच दिसत होतं.

पण ते सुती नव्हतं. फॅरोंच्या इजिप्तला कापूस जवळपास परकाच. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अमासिस राजानं स्पार्टाला एक छातीकवच पाठवलं होतं. त्यावरच्या नक्षीत सोन्याबरोबर ‘झाडाची लोकर’ होती, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून ठेवतो. हाच हेरोडोटस हिंदुस्थानाबद्दल सांगतो की तिथं रानझाडांना लोकर येते. कापसाला तेव्हा ग्रीकांकडं नावसुद्धा नव्हतं.

कापसाचा माग काढायचा तर नाईलच्या वरच्या अंगालाही जावं लागतं. इजिप्तच्या दक्षिणेला, अस्वानच्या खडकाळ धबधब्यांपलीकडं नूबियाचा प्रदेश आणि कुशचं राज्य. पुस्तकांतून हे लोक नेहमी इजिप्तच्या शेपटासारखे येतात: सोनं देणारे, हस्तिदंत देणारे, हरलेले. हे मला फार खुपतं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात कुशच्या पियेनं इजिप्त जिंकला आणि त्याच्या घराण्यानं तिथं फॅरो म्हणून राज्य केलं. तहारका हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. असिरियनांनी हुसकावल्यावर ते दक्षिणेला परतले आणि पुढं मेरोएला राजधानी करून आणखी हजारएक वर्षं टिकले. त्यांचे पिरॅमिड आकारानं लहान, पण संख्येनं इजिप्तपेक्षा जास्त. इजिप्त रोमनांनी गिळल्यावर कुशची राणी अमानिरेनास त्यांच्याशी लढली. मेरोएच्या एका देवळाच्या पायरीखाली रोमन सम्राट ऑगस्टसचं ब्राँझचं मुंडकं पुरलेलं सापडलं, 1910 साली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यावर पाय द्यावा म्हणून ते तिथं ठेवलेलं. त्यांची लिपी वाचता येते, भाषा मात्र अजून नीट उलगडलेली नाही.

रोमनांच्या याच काळात आपला मराठवाडा त्या बाजूला पोचला होता. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. ती पेरिप्लस या नावानं प्रसिद्ध आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं त्यात आहे. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून जाडंभरडं कापड, मलमल आणि रंगीत कापड. वाट नसलेल्या रानातून गाड्यांवर घालून हा माल बंदराला येतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो सांगतो की अक्सूमच्या अदूलिस बंदरात हिंदुस्थानी लोखंड, पोलाद आणि सुती कापड उतरतं. अक्सूम हे कुशच्या पलीकडचं, आजच्या इथिओपिया-एरिट्रियातलं राज्य. म्हणजे काळ्या मातीत बैल जुंपायचे आणि माल उतरायचा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर.

बेरेनिके हे तांबड्या समुद्रावरचं इजिप्तचं बंदर. तिथल्या उकिरड्यांत सुती चिंध्या सापडल्या. त्या आपल्या की तिकडच्या, हे कसं ठरवायचं? पिळावरून. धागा उभा धरा. इजिप्तमध्ये जवस कातायची जी सवय होती, तिच्यात पिळाची तिरकी रेघ खालच्या उजव्या टोकाकडून वरच्या डाव्या टोकाकडं जाते. हिंदुस्थानी सुतात ती बरोबर उलटी, डावीकडून उजवीकडं चढते. कातणारीचं नाव गेलं, गाव गेलं, पण तिच्या हाताची सवय दोन हजार वर्षांनी ओळखू येते. याहून सरळ साक्षीपुरावा मला ठाऊक नाही. त्याच गावात मोठ्या रांजणात साडेसात किलोंवर काळी मिरीही मिळाली.

कुशच्या लोकांनी मात्र नुसता विकतचा कापूस वापरला नाही, स्वतः पिकवला. नूबियातल्या कस्र इब्रिम या टेकडीवरच्या जुन्या कापसाची जनुकं 2012 मध्ये तपासली, तर तो आफ्रिकी जातीचा निघाला. आपल्या देशी कापसाचा तो चुलत भाऊ. कातायचा हात मात्र नाईलचाच राहिला, इजिप्तच्या वळणाचा.

अस्वानचं मोठं धरण व्हायचं ठरलं तेव्हा नूबियाचा मोठा भाग पाण्याखाली जाणार होता. 1960 साली युनेस्कोनं हाक दिली आणि भारतानंही पथक पाठवलं. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी 1962 मध्ये अफिये आणि तुमास इथं उत्खनन केलं. हजारो नूबियन कुटुंबांना गावं सोडून कोम ओम्बोकडं जावं लागलं. पैठणला नाथसागराच्या काठी उभं राहिलं की मला ती माणसं आठवतात, कारण जायकवाडीखाली गेलेली गावं इथं अजून लोकांच्या तोंडात आहेत.

कस्र इब्रिम उंचावर होतं म्हणून वाचलं. आता त्याच्या पायथ्याशी पाणी आहे आणि ज्या कोरड्या हवेनं ते कापड राखलं, तिच्यात ओल शिरते आहे.