पोट काळं दिसलं तर नोंद करा

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण समुद्रपक्ष्यांच्या कुळातला नदी सुरय इथल्या पाण्यावरही भेटतो. लोणारच्या खाऱ्या पाण्यात मासा जगत नाही, त्यामुळे मासेखाऊ सुरयाला शोधायचं ते खडकपूर्णासारख्या गोड्या पाण्याच्या धरणावर. पाण्यावर घिरट्या घालता घालता तो एकदम सूर मारतो आणि चोचीत चांदीसारखी मासळी घेऊन वर येतो. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उडणारा आर्क्टिक सुरय याच्याच प्रजातीतला; आपल्या नदी सुरयाचं आयुष्य मात्र नदी-तलावांवरच जातं.

त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा दुसरा पक्षी म्हणजे काळ्या पोटाचा सुरय. विणीच्या काळात दोघांच्याही डोक्यावर काळी टोपी असते, शेपूट खोल दुभंगलेली असते. नदी सुरयाची चोच जाड, पिवळीधमक आणि पोट फिकट. दुसऱ्याची चोच बारीक, नारिंगी आणि पोट काळं. नदी सुरय साधारण 40 सेंटिमीटरचा, तर हा 33च्या आसपास.

दोघंही उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर नुसता खळगा करून अंडी घालतात. त्या तापल्या जमिनीवर पिल्लं जगवणं सोपं नाही. कुत्रे, कावळे टपलेलेच असतात. नदी सुरयाने धरणांतली खडकाळ बेटंही आपलीशी केली. कर्नाटकात भद्रा जलाशयातल्या बेटांवर त्याची मोठी वसाहत भरते. काळ्या पोटाच्या सुरयाची भिस्त अजूनही प्रामुख्याने नदीतल्या रेतीच्या बेटांवर आहे, आणि नेमकी तीच रेती आपण उपसतो. त्यातच वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटलं की अंडी वाहून जातात. थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाममधून हा पक्षी नाहीसा झाला आहे. आता त्याची जवळजवळ सगळी मदार भारतीय उपखंडातल्या नद्यांवर आहे. म्हणून रेतीघाटाचा लिलाव ठरवताना विणीचे महिने पाहायलाच हवेत, असं मला ठामपणे वाटतं.

ओळखताना खरी पंचाईत होते ती हिवाळ्यात. तेव्हा काळं पोट पांढरं पडतं, टोपी विटते, दोघांच्याही चोचीचं टोक काळसर होतं. अशा वेळी रंग सोडून चोचीची जाडी आणि अंगाचा आकार पाहावा. फोटो काढताना शेजारी बसलेली टिटवी किंवा बगळाही चौकटीत घ्यावा, म्हणजे पक्षी केवढा होता ते नंतर ताडता येतं. तारीख आणि धरणाचं किंवा नदीकाठच्या गावाचं नाव त्यासोबतच लिहून ठेवावं.