वाढणारे हात

भीक मागणं कर्नाटकात 1975 च्या कायद्याने गुन्हा ठरलं. बंगळुरूला मागडी रोडवर भिकाऱ्यांची सरकारी वसाहत आहे आणि तिचा खर्च भागावा म्हणून मालमत्ता करावर तीन टक्के उपकर घेतला जातो. म्हणजे या शहरात ज्याचं स्वतःचं घर आहे, तो प्रत्येक जण त्या वसाहतीतल्या जेवणाचे पैसे भरतो. तरीही 2010 च्या ऑगस्टमध्ये तिथली माणसं एकामागून एक दगावली, आणि ती काय खात होती, कुठलं पाणी पीत होती, हे शहराने तेव्हा कुठे विचारलं. त्याच मागडी रोडच्या परिसरात सुमनहळ्ळी आहे. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना, 1970 च्या दशकात, कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम बंगळुरूच्या आर्चबिशपांनी हाती घ्यावं असं ठरलं, सरकारने जागा दिली आणि पुढे क्लॅरेशियन फादर मंडळींनी ते चालवलं. एकाच परिसरातल्या या दोन ठिकाणांची तुलना माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

बंगळुरूत आल्यापासून मी चर्चच्या गटांबरोबर अशा संस्थांमध्ये पंगत वाढायला जातो. आठ-दहा दिवसांच्या मिशन ट्रिपवर आलेले परदेशी पाहुणे असतात, वसईचे आणि नगरकडचे तरुणही असतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनाने पक्की धरली आहे: किती जणांना वाढलं हे मागाहून मोजावं, आधी डाव कोणाच्या हातात आहे ते पाहावं.

मागे वळून पाहिलं की आधी दुष्काळ दिसतो. 1876 ते 1878 च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानातली सुमारे दहा लाख माणसं गेली, म्हणजे पाचातला जवळजवळ एक. शिजवलेलं अन्न देणारी केंद्रं होती, पण ते कोणी रांधलं या विचाराने उपाशी माणूसही मागे फिरायचा. आणि दुष्काळात जे ख्रिस्ती झाले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनासुद्धा पोटासाठी बाटल्याचा टोमणा ऐकावा लागला. आमच्या घरांनी तो ऐकला आहे. तो दुखतो, पण अन्नासोबत अट आली की टोमण्याला जागा मिळते, हेही मान्य केलं पाहिजे.

या साऱ्यात मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. त्यांचा जन्म 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामुळाच्या रानातला. आईवडील आणि बहीण उपासमारीने गेलेली त्यांनी पाहिली. भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांचं सोवळं सांभाळून स्वयंपाक होत असे. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात मात्र नाना जातींच्या मुली एकत्र जेवू लागल्या. पहिल्या दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुलीच 1900 च्या दुष्काळात नव्याने आलेल्यांना न्हाऊमाखू घालत होत्या, जेवू घालत होत्या. रमाबाईंच्या अफाट कामात मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

त्याच 1900 साली बंगळुरूत लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर आल्या. निराधार म्हाताऱ्यांना सांभाळायचं आणि त्यांच्यासाठी स्वतः दारोदार, बाजारोबाजार मागून आणायचं, ही त्यांच्या संघाची रीत. म्हणजे जी वाढते, तिनेच आधी हात पसरलेला असतो.

कुष्ठरोग्याला वाढणं हे वेगळंच शिक्षण आहे. मज्जातंतू निकामी झाले की हाताला चटका कळत नाही. उकळत्या सारूची, म्हणजे इथल्या साराची, स्टीलची वाटी हाती दिली, तर माणूस ती शांतपणे धरून बसतो, तुमच्याशी बोलतोही, आणि संध्याकाळी तळव्यावर टपोरा फोड उठलेला असतो. फोडाची जखम, जखमेतून पू, मग बोट झिजत आखूड होणं. म्हणून सारू कोमट करूनच वाढायचं, पेला दांडीचा द्यायचा. आत वळलेल्या बोटांना पसरट ताटातला भात गोळा करता येत नाही, त्यांना उभ्या काठाची ताटली लागते. चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करावा लागतो. हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, जेवणाऱ्यांनीच शिकवलं.

1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. कायदे मात्र रेंगाळले. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा 1898 चा इंग्रजी कायदा 2016 मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 पर्यंत कायद्यात होतं. सुमनहळ्ळीत बऱ्या झालेल्यांना चामड्याच्या वस्तू, शिवणकाम असे उद्योग मिळाले, ते यासाठी महत्त्वाचे. आपल्या कमाईचा घास खाणाऱ्याला वाढप्याची गरज उरत नाही.

1997 मध्ये बंगळुरूतच टी. राजा या रिक्षाचालकाने न्यू आर्क मिशन सुरू केलं. लोक त्यांना ऑटो राजा म्हणतात. तरुणपणी आपली वाट चुकली होती, तुरुंगही पाहिला, हे ते स्वतःच सांगतात. श्रद्धा बसल्यावर रस्त्याकडेला पडलेल्या माणसांना त्यांनी घरी आणायला सुरुवात केली, आणि त्यातून दोड्डगुब्बीचं होम ऑफ होप उभं राहिलं. जखमेत किडे पडलेली, शुद्ध हरपलेली, घरच्यांनी टाकलेली माणसं अशा ठिकाणी येतात. पाहुण्यांना वाटतं, भरभरून वाढावं. पण अनेक दिवस पोटात काही नसलेल्याला एकदम भरपेट जेवू घातलं, तर रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात आणि जीव जाऊ शकतो. आधी पातळ पेज, तीही थोडी थोडी. तेवढी वाटीभर पेज भरवून हात आवरणं नव्या माणसाला फार जड जातं.

जेवणाऱ्याचा फोटो काढू नये, हे आम्ही पाहुण्यांना विमानतळावरून येतानाच सांगतो. मी स्वतः प्रार्थना केल्याशिवाय जेवत नाही, पण भुकेल्याला ताटासमोर बसवून माझ्या प्रार्थनेसाठी ताटकळत ठेवणं मला मुळीच पटत नाही. ज्याला करायची त्याने स्वयंपाकघरात करावी.

आता आमच्या गटातले पाहुणे पहिले काही दिवस भाजी निवडतात, कांदे चिरतात, मोठी पातेली घासतात. वाढायला संस्थेतलीच बरी झालेली माणसं उभी राहतात आणि पाहुणे पंगतीत बसतात. बोटं झिजलेल्या हाताने भात वाढला की काही जण कचरतात. त्यांना बाजूला घेऊन आम्ही नीट समजावतो: उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्ग थांबतो, आणि हे तर केव्हाचे बरे झालेले आहेत. मग बहुतेक जण जेवतात, आणि काही जण आणखी मागून घेतात.