काळ्या बुरशीचा माग माशाच्या पिल्लात

मोहाडी तालुक्यातलं करडी हे गाव भंडाऱ्याच्या तळ्यांच्या मुलखातलं. मत्स्यबीज केंद्रांत मेलेल्या अंड्यांवर कापसासारखी पांढरी वाढ चढते, हे या भागाला नवं नाही. माणसाचा जीव घेणाऱ्या बुरशीचा तपासही आज माशाच्या अंड्यातून होतो.

हा मासा म्हणजे झेब्रामासा. निळ्या पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंचाचा, आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याचा भ्रूण आईच्या पोटाबाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. सगळी किमया या पारदर्शकपणाची.

सुमारे 36 तासांच्या भ्रूणाला गुंगी देतात आणि काचेच्या अतिसूक्ष्म सुईने मेंदूमागच्या पोकळीत बुरशीच्या मोजक्या पेशी सोडतात. बुरशी एका रंगात चमकते, शरीराचं रक्षण करणाऱ्या भक्षकपेशी दुसऱ्या. कोण कुणाला गिळतं, हे जिवंत प्राण्यात डोळ्यांनी दिसतं. मग बुरशीतलं एकच जनुक काढून तोच प्रयोग पुन्हा करतात. धागे काढण्याची ताकद गमावलेली कँडिडा ही बुरशी खूप कमी पिल्लं मारते. म्हणजे मारकपणाचं एक मूळ त्या धाग्यांत आहे. उंदराच्या जिवंत शरीरात ही झुंज इतकी उघड दिसत नाही.

मर्यादाही आहे. हे मासे 28 अंशांच्या आसपास वाढवतात, आपलं शरीर 37 अंशांचं. उष्णतेतच जागी होणारी जनुकं इथे निसटू शकतात.

2015 मध्ये म्युकर या काळ्या बुरशीच्या गटातल्या बुरशीवर असाच प्रयोग झाला. स्टेरॉइड दिलेली किंवा भक्षकपेशी नष्ट केलेली पिल्लं जास्त मेली. सहा वर्षांनी, 2021 मध्ये, कोरोनातून उठलेले मधुमेही रुग्ण याच गटातल्या बुरशीच्या रोगाने डोळे आणि जबडे गमावत होते. त्यांतल्या अनेकांना स्टेरॉइड दिलेली होती. विदर्भाने हे जवळून पाहिलं. प्रयोगशाळेतली ती खूण आपल्या वॉर्डांत वेळेवर पोचायला हवी होती, असं मला तीव्रतेने वाटतं.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि झेब्रामाशांवरचं कामही तिथेच चालतं. 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत दोन्ही विद्या एका छपराखाली आहेत. विदर्भातल्या रुग्णालयांनी रुग्णांतून मिळालेले बुरशीचे वाण जपून अशा संस्थांकडे पाठवावेत, आणि सरकारने त्या कामाला सलग पैसा द्यावा. साथ आल्यावर नव्हे, आत्ताच.